‘रिलीज’च्या उलट काय? भोगावतीकाठच्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

रंकाळा स्टँडपासून चालत पाच-सात मिनिटांवर माझा इंग्रजीचा वर्ग भरतो. लिपिक, तलाठी आणि इतर सरळसेवा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली येतात. बहुतेक जण राधानगरी, गगनबावडा आणि करवीर तालुक्यांतल्या खेड्यांतले. सकाळच्या एसटीनं कोल्हापूर गाठायचं, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, संध्याकाळी माझा तास करायचा आणि शेवटच्या गाडीआधी स्टँडवर पोहोचायचं, असा त्यांचा दिवस. हे प्रकरण त्यांच्यातल्याच एकीचं आणि एका इंग्रजी क्रियापदाचं. तिचं नाव लिहीत नाही. तिच्या वहीतला मजकूर तिला विचारूनच इथं घेतला आहे.

जून संपत आला होता. विरुद्धार्थी शब्दांवर मी २० गुणांची सराव चाचणी घेतली. एक प्रश्न असा होता: ‘द अथॉरिटीज रिलीज्ड वॉटर फ्रॉम द डॅम.’ ‘रिलीज्ड’ शब्दाखाली रेघ. पर्याय चार: कॉट (पकडलं), विथहेल्ड (न देता रोखलं), अरेस्टेड (अटक केली), फासन्ड (बांधलं). उत्तर ‘विथहेल्ड’. मला हा प्रश्न सोपा वाटला होता. धरणातून पाणी सोडणं ही आमच्या जिल्ह्यात दर पावसाळ्यात रोजची बातमी, तेव्हा निदान हे वाक्य तरी मुलांना परकं वाटणार नाही, असा हिशेब होता.

वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणांनी ‘कॉट’ लिहिलं. तिनंही. बाकीच्यांनी चुकीची फुली बघितली आणि पान उलटलं. ती मात्र तास संपल्यावर पेपर घेऊन टेबलाजवळ उभी राहिली.

“मॅडम, पाणी सोडायच्या उलट पाणी धरायचं, नव्हं? मग कॅच का न्हाई?”

मी नेहमीचं उत्तर दिलं. चेंडू कॅच करतात, चोर कॅच करतात, पाणी नाही.

“मग कॅचमेंट एरिया म्हणजे काय?” ती म्हणाली. “पेपरात रोज येतंय. पाणलोट क्षेत्रात पाऊस. कॅचमेंटमधी पाणी कॅचच करत्यात की.”

माझ्याकडं त्या क्षणी उत्तर नव्हतं. तिची गाडी सुटायला दहा मिनिटं होती, म्हणून उद्या बोलू असं सांगून मी तिला पाठवलं. घरी जाताना तोच प्रश्न डोक्यात होता. गुण द्यायचा की नाही हा मुद्दा किरकोळ होता. इतकं नेमकं बोट ठेवणारी मुलगी एवढ्या मुलांसोबत एकाच चुकीच्या पर्यायावर कशी गेली, ते मला समजून घ्यायचं होतं.

वही

दुसऱ्या दिवशी तिला विरुद्धार्थी शब्दांची वही आणायला सांगितली. दोनशे पानी वही, त्यातली साठेक पानं भरलेली. प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीनं मारलेली उभी रेघ. डावीकडं एक शब्द, उजवीकडं एक शब्द. बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शकातून उतरवलेल्या जोड्या. अक्षर इतकं नेटकं की एकही खाडाखोड सापडली नाही. त्यात ‘रिलीज × कॅच’ होतं. दहा पानांनंतर ‘रिलीज × डिटेन’ होतं. आणखी पुढं ‘होल्ड × रिलीज’. तिन्ही ठिकाणी शब्दाभोवती वाक्य नव्हतं.

“हे तीनदा आलंय,” मी म्हणाले. “कुठलं बरोबर?”

“तिन्ही पाठ केल्यात,” ती म्हणाली. “परीक्षेत जे पर्यायात असंल ते मारायचं.”

पर्यायात ‘डिटेन’ नव्हतं, ‘होल्ड’ नव्हतं, ‘कॅच’ होतं. तिनं पाठ केलेल्यातला एकमेव ओळखीचा शब्द निवडला होता. ‘विथहोल्ड’ त्या यादीत कुठंच नव्हता. म्हणजे तिच्या बाजूनं उत्तर अगदी शिस्तीत आलं होतं. चूक झाली ती त्या उभ्या रेघेमुळं. डावीकडच्या शब्दाला उजवीकडं एक कायमचा जोडीदार असतो, असं ती रेघ साठ पानं शिकवत होती. काळा-पांढरा, दिवस-रात्र यांना ते थोडंफार लागू पडतं. क्रियापदाला नाही. क्रियापदाला कर्ता असतो, बहुधा कर्मही असतं, आणि ती बदलली की त्याची उलट बाजूही बदलते. ही गोष्ट मला माहीत होती, पण मी ती कधी शिकवली नव्हती. मीही वर्षानुवर्षं फळ्यावर तशीच रेघ मारत आले होते.

पक्षी आणि पाणी

‘कॅच’चा मुद्दा मी आधी माझ्यापुरता सोडवला.

पिंजऱ्यातला पक्षी सोडला, याच्या उलट काय? दोन उत्तरं येतात. एक, सुटलेला पक्षी परत धरला. दोन, पक्षी सोडलाच नाही, पिंजऱ्यात तसाच ठेवला. पहिल्यात झालेली क्रिया उलटी फिरवली आहे. दुसऱ्यात ती क्रिया होऊच दिलेली नाही. मराठीत दोन्हींसाठी आपण ‘धरणे’ बिनदिक्कत वापरतो, ‘धरला’ आणि ‘धरून ठेवला’, आणि एवढ्याशा ‘ठेवला’नं फरक भागतो. इंग्रजीत मात्र दोन वेगळी क्रियापदं उभी राहतात. हातात नसलेली, पळती, पडती वस्तू हातात घेणं म्हणजे कॅच. आभाळातून पडणारा पाऊस अजून कुणाच्या हातात नसतो, म्हणून कॅचमेंट हा शब्द बरोबर आहे, आणि तिचा युक्तिवादही तिथपर्यंत बरोबर होता. पण धरणात साठलेलं पाणी हातात आलेलंच आहे. ते आता झेलायचं नाही, द्यायचं की राखायचं एवढंच ठरवायचं आहे. तिथं कॅच बसत नाही.

हे तिला सांगितलं. पक्ष्याचं पटलं. पाण्याबद्दल मी पुढं म्हणाले, “सोडलेलं पाणी परत धरता येत नाही, म्हणून इथं फक्त दुसऱ्या प्रकारचं उलट शक्य आहे.”

ती थांबली. मग म्हणाली, “येतंय की. बंधाऱ्यात बरगे घालून धरत्यात.”

ज्यांनी नदीकाठ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी खांबांचे बुटके बंधारे आहेत. साऱ्या महाराष्ट्रात त्यांना कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणतात. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत फळ्या बसवतात, त्या बरग्यांमागं पाणी तुंबतं, आणि दुसरा पावसाळा तोंडावर आला की बरगे काढून घेतात, म्हणजे पुराला वाट मोकळी होते. उन्हाळ्यात राधानगरी धरणातून सोडलेलं पाणी भोगावती नदीनं खाली येतं, एकेका बंधाऱ्यात अडतं, आणि काठावरचे पंप ते उसाला देतात. या मुलीचे वडील त्याच पाण्यावर ऊस पाजतात. वरून सुटलेलं पाणी खाली धरणं ही तिच्या घरातली दर उन्हाळ्यातली घडामोड होती, आणि मी तिला ते अशक्य आहे म्हणून सांगत होते.

माझं वाक्य मी तिथंच मागं घेतलं. त्या धरण्याला इंग्रजीत काय म्हणतात, असं तिनं विचारलं. ‘इम्पाउंड’ म्हणतात. या शब्दानं तिला फार आनंद दिला, कारण ‘पाउंड’ म्हणजे मोकाट जनावरं कोंडायची जागा, आपला कोंडवाडा. इंग्रजांच्या काळातला १८७१चा कायदाच त्यासाठी आहे, दुसऱ्याच्या पिकात शिरलेली गुरं कोंडवाड्यात घालण्याचा. गुरं कोंडायची त्याला जो शब्द, तोच बांध घालून पाणी कोंडण्याला, तोच पोलिसांनी गाडी जप्त करून ठाण्याच्या आवारात लावण्याला. “म्हणजे कोंडणे,” ती म्हणाली आणि वहीत लिहिलं: इम्पाउंड, पाणी कोंडणे, म्हैस कोंडणे, मोटरसायकल कोंडणे. उभी रेघ मारली नाही. पानभर आडवं लिहिलं.

घरचं ‘सोडणं’

तिथून मी शिकवण्याची दिशा बदलली. इंग्रजी शब्द घेऊन त्याचा मराठी अर्थ सांगण्याऐवजी तिला म्हणाले, आठवडाभर घरात, गावात, एसटीत ‘सोडणे’ कुठं कुठं ऐकू येतं ते लिहून आण, आणि प्रत्येकापुढं त्याच्या उलट आपण काय म्हणतो ते लिही. इंग्रजी आत्ता नको.

तिनं आणलेली पानं मी जपून ठेवली आहेत. आईनं उपवास सोडला, त्याच्या उलट उपवास धरला. बहिणीनं अबोला सोडला, अबोला धरला. धाकट्यानं हट्ट सोडला, हट्ट धरला. इथपर्यंत ‘धरणे’ हुकमी चाललं. (तिनंच विचारलं, म्हणून धरणाला धरण म्हणतात काय? होय, एकाच ‘धृ’ धातूचं कुळ. धरून ठेवतं ते धरण.) पुढं मात्र गाडी वळली. म्हशीचं दावं सोडलं, दावं बांधलं. केस सोडले, केस बांधले. चुलत्यानं दारू सोडली, दारू लागली. कुत्रं अंगावर सोडलं, आवरलं. मुलाला शाळेत सोडलं, शाळेतून आणलं. मोटर चालू करून पाणी सोडलं, बंद केलं. सरीत पाणी सोडलं, पाणी तुंबवलं. गाव सोडलं, आणि याच्यापुढं बराच वेळ रिकामी जागा ठेवून, निराळ्या पेनानं: गावात राहिलो. कोल्हापूरकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना आलो, गेलो, राहिलो म्हणतात. वहीतही ती तसंच लिहिते, आणि मी ते दुरुस्त करत नाही.

सगळ्यात खोल उदाहरण भावाचं होतं. तो तालमीत जातो. जत्रेतल्या मैदानात दोन मल्ल बराच वेळ झुंजले आणि कुणाचीच पाठ लागली नाही, तर पंच कुस्ती बरोबरीत सोडवतात. त्याच्या उलट? ‘कुस्ती धरली’ कुणी म्हणत नाही. कुस्ती ‘निकाली झाली’ म्हणतात, कुणीतरी चितपट झालं म्हणतात. आणि त्याच कुस्तीच्या आत, एकानं दुसऱ्याची पकड सोडवली, तर त्याच्या उलट पकड घट्ट केली. एकच ‘सोडवणे’, एकाच मैदानात, एक पंचाच्या तोंडी आणि एक मल्लाच्या हातात, आणि दोघांची उलट बाजू इतकी लांब. हे वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही सरसावून बसली. साठ पानं जे शिकवू शकली नव्हती, ते या दोन ओळींनी केलं.

मग इंग्रजी. तिच्या यादीतली ‘सोडणे’ची बहुतेक वाक्यं ‘रिलीज’नं होतच नाहीत, हे आधी बाजूला काढलं. उपवास ‘ब्रेक’ होतो, दारू ‘गिव्ह अप’ होते, मुलाला शाळेत ‘ड्रॉप’ करतात. आता उलट बाजूनं आलो: इंग्रजी ‘रिलीज’ कशाकशाला लागतं? कैद्याला, आणि तिथं उलट ‘इम्प्रिझन’ किंवा ‘डिटेन’. ओलिसाला, तिथं ‘कॅप्चर’ही बसतं. निधीला, तिथं ‘विथहोल्ड’. कर्मचाऱ्याला एका जागेवरून, तिथं आपल्याकडं ‘कार्यमुक्त’च्या उलट ‘रुजू’ होणं, इंग्रजीत ‘जॉइन’. चित्रपटाला, आणि तिथं ‘शेल्व्ह’, म्हणजे तयार होऊनही डब्यात पडून राहणं. कोल्हापूरच्या जुन्या स्टुडिओंच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोरांना हा डबा लगेच कळला. परीक्षेत विचारलं जातं ते यातलंच काहीतरी, म्हणून या भागावर फार रेंगाळले नाही.

एक माहिती मात्र मुद्दाम दिली. ‘रिलीज’ लॅटिनमधल्या सैल करणे या अर्थाच्या शब्दावरून, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘रिलॅक्स’ त्याचा सख्खा भाऊ. दोर आवळून धरला होता तो सैल सोडला, हे चित्र दोघांच्या मुळाशी आहे. ते डोळ्यापुढं ठेवलं की प्रत्येक वाक्यात विचारायला एक प्रश्न मिळतो: इथं आवळून कुणी धरलंय, आणि काय धरलंय?

राखून ठेवलेला निकाल

‘विथहोल्ड’ तिला अजून परका होता. अर्थ पाठ होता, पण तो शब्द तिचा झाला नव्हता. अडवणे, रोखणे, न देणे असे तीन मराठी अर्थ मी सांगितले, तिन्ही तिनं लिहिले, आणि पुढच्या सरावात पुन्हा थबकली.

वाट अनपेक्षित ठिकाणाहून मिळाली. तिच्या मैत्रिणीचा पदवीचा निकाल लागला नव्हता. बाकी सगळ्यांचा लागला, हिचा कुठल्याशा कागदपत्रापायी राखून ठेवला होता. गुणपत्रिकेच्या जागी संकेतस्थळावर इंग्रजीत दोनच शब्द होते: ‘रिझल्ट विथहेल्ड’. मैत्रीण रडत होती, आणि ही मोबाइलचा पडदा बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला तो पडदा दाखवला. “मॅडम, निकाल तयार हाय. त्यांच्याकडंच हाय. पण देत न्हाईत. हेच ना विथहेल्ड?”

हेच. वस्तू तयार आहे, देणाऱ्याच्या हातात आहे, घेणारा समोर उभा आहे, आणि देणाऱ्यानं ठरवून हात मागं घेतला आहे. या शब्दातलं ‘विथ’ म्हणजे ‘सोबत’ नव्हे, हे तेव्हा सांगितलं. जुन्या इंग्रजीत ‘विथ’चा अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘विथस्टँड’, म्हणजे कुणाविरुद्ध तग धरून उभं राहणं, यात तो अजून शिल्लक आहे. आणि ‘होल्ड’ म्हणजे धरणे. समोरच्यापासून मागं धरून ठेवणं. पहिल्या दिवशी ती माझ्याशी ज्या ‘धरणे’साठी भांडली होती, तो माझ्या बरोबर उत्तराच्या पोटातच होता. तिनं ‘कॅच’ निवडलं होतं म्हणून फुली मारून मी मोकळी झाले होते. तिचा विचार बरोबर उत्तरापासून केवळ एका उपसर्गाच्या अंतरावर होता, हे मला तीन आठवड्यांनी दिसलं. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून मराठी शब्द ठरवला: राखून ठेवणे. अडवणे, रोखणे यांपेक्षा हा नेमका आहे, कारण त्यात वस्तू आपल्या ताब्यात असणं आपोआप येतं.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दुसऱ्या चाचणीत ‘रिलीज द हँडब्रेक’ला तिनं ‘विथहोल्ड द हँडब्रेक’ लिहिलं. नवा शब्द मनात बसला की तो सगळीकडं लावून बघावासा वाटतो. मी फुली न मारता शेजारी लिहिलं: एसटीचा ड्रायव्हर काय म्हणतो? तिनं लगेच खोडून लिहिलं, ब्रेक सोडला, ब्रेक लावला. आणि ‘लावणे’साठी ‘अप्लाय’. अर्जाला ‘अप्लाय’ आणि ब्रेकलाही ‘अप्लाय’ कसं, हा पुढचा प्रश्न होता, पण तो दुसऱ्या दिवसाचा.

कुणी सोडलं?

जुलैच्या मध्यावर पावसानं जोर धरला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती, हा घरोघरचा प्रश्न झाला. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे कोल्हापुरात लहान पोरांनाही पाठ असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तेव्हा आमच्या वर्गाची गल्ली कोरडी राहिली, पण माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांची घरं पाण्यात होती.

अशात एके संध्याकाळी मी फळ्यावर तेच जुनं वाक्य पुन्हा लिहिलं, ‘द अथॉरिटीज रिलीज्ड वॉटर फ्रॉम द डॅम’, आणि उजळणी म्हणून उलट विचारलं. सगळ्यांनी एका सुरात ‘विथहेल्ड’ म्हटलं. ती गप्प होती.

“तुझं काय?”

“कुठलं धरण, मॅडम?”

“राधानगरी धर.”

“मग हे वाक्यच चुकलंय. राधानगरीचं पाणी कोण सोडत न्हाई. ते सुटतंय.”

वर्गात कुणी हसलं नाही, कारण निम्मा वर्ग त्याच बाजूचा होता. राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलं, आणि त्याचे सात स्वयंचलित दरवाजे ही त्याची ओळख आहे. पाण्याची पातळी ठरावीक उंचीला पोहोचली की ते आपोआप उघडतात, उतरली की आपोआप मिटतात. कुणी बटण दाबत नाही, कुणी साहेब आदेश काढत नाही. एक दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं, आणि काठावरचे लोक किती दरवाजे उघडले त्यावरून रात्री जागायचं की झोपायचं ते ठरवतात. वीजगृहातून जे पाणी सोडतात ते माणूस सोडतो. दरवाज्यांतलं पाणी सुटतं.

सोडणे आणि सुटणे. मराठी ज्याला हात नाही अशा क्रियेसाठी वेगळं क्रियापद हाताशी ठेवते. तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे, सोडणे-सुटणे. आणि ‘सुटणे’च्या उलट ‘धरणे’ येत नाही, ‘अडवणे’ येत नाही, ‘राखून ठेवणे’ तर मुळीच येत नाही, कारण ही सगळी हात असलेली क्रियापदं आहेत. एसटी सुटली, एसटी लागली. शाळा सुटली, शाळा भरली. दोर सुटला, दोर अडकला. हे तिनं आणि बाकीच्यांनी पाच मिनिटांत फळा भरून लिहून काढलं.

आता ‘विथहेल्ड’. त्यात कुणीतरी जाणूनबुजून मागं धरणारा असावाच लागतो, हे आम्ही निकालाच्या वेळी शिकलो होतो. राधानगरीच्या दरवाज्यांमागं तसा कुणी नाही. म्हणजे ज्या प्रश्नापायी हे सगळं सुरू झालं, त्यातलं माझं बरोबर उत्तर निदान आमच्या धरणाला लागू पडत नव्हतं. एका मुलानं अलमट्टीचं नाव काढलं. कर्नाटकातल्या त्या धरणातून किती विसर्ग व्हावा यावर दर पावसाळ्यात इकडं चर्चा झडते, तिथं सोडणारेही आहेत आणि सोडा म्हणणारेही. तिथं ‘रिलीज’ आणि ‘विथहोल्ड’ अगदी बरोबर बसतात. हे मी मान्य केलं आणि फळ्यावर दोन धरणं वेगवेगळी लिहिली.

बातम्यांतला ‘विसर्ग’ हा शब्दही त्याच तासाला निघाला. व्याकरणातला विसर्ग, दुःख लिहिताना दोन टिंबांनी दाखवतो तो सोडलेला श्वास, हाच हा शब्द. विसर्जनही त्याच घराण्यातलं. गणपतीच्या विसर्जनाच्या उलट प्रतिष्ठापना, धरणातल्या विसर्गाच्या उलट साठा, आणि बातमीत विसर्गाच्या शेजारी नेहमी छापतात ती पाण्याची ‘आवक’. एकाच धातूतून निघालेले शब्द, आणि प्रत्येकाची उलट बाजू तो कुठं कामाला लागला आहे त्यावर ठरलेली. तास वेळेत संपला नाही. दोघांची गाडी चुकली. त्यांना पुढच्या गाडीपर्यंत चहा पाजला.

प्रश्नात केलेला बदल

मी चाचणीचा तो प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी दोन प्रश्न घातले. पहिल्यात विद्यापीठानं निकाल ‘रिलीज’ केला आहे, आणि उत्तर ‘विथहेल्ड’. दुसऱ्यात वाक्य असं: ‘द गेट्स ओपन्ड ऑटोमॅटिकली.’ उत्तर ‘क्लोज्ड’. शेजारी एक ओळ कोरी, उलट कसं ठरवलं ते मराठीत लिहिण्यासाठी. त्या ओळीला गुण नाहीत, पण मी सगळ्यात आधी तीच वाचते. तिच्या पहिल्या पेपरावरची फुली मी खोडली नाही. खाली लाल पेनानं लिहिलं: ‘हा प्रश्न अपुरा होता, कुठलं धरण ते सांगितलं नव्हतं’, आणि सही केली.

वर्गात आता विरुद्धार्थी शब्दांची वही आडवी लिहितात. प्रत्येक क्रियापदासोबत कोण आणि काय हे लिहायचं, मग उलट. गती कमी झाली आहे, हे खरं. पूर्वी तासाला चाळीस जोड्या उतरायच्या, आता सहा-सात क्रियापदं होतात. परीक्षा जवळ आलेल्या मुलांना हे परवडत नाही असं त्यांच्यातले काही जण मला सांगतात, आणि त्यांची घाई मला समजते. त्यांच्यासाठी जुनी यादी मी काढून घेतलेली नाही, फक्त तीत सापडेल त्या प्रत्येक शब्दाला एक वाक्य लावून घेते.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या गावचा रस्ता पाण्याखाली गेला आणि ती चार दिवस येऊ शकली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा मेसेज आला, इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहिलेलं: ‘गेट नंबर सिक्स ओपन्ड ॲट फोर थर्टी.’

मी विचारलं, सगळे ठीक आहात का? ठीक आहोत, जनावरं वरच्या वस्तीवर नेलीत, असं उत्तर आलं. मग सवयीनं मी लिहिलं: अपोझिट?

बऱ्याच वेळानं मेसेज आला.

‘क्लोज्ड. पण आज न्हाई मॅडम, धार चालू हाय.’